मंडळीला फळ केव्हा लागते?

रविवारी उपासना, बुधवारी उपवास-प्रार्थना, शुक्रवारी घरगुती सभा, शनिवारी तरुण संघ. मधल्या दिवसांत गीतांचा सराव, महिन्यातून एकदा महिला मंडळ, वर्षातून दोनदा तीन-तीन दिवसांच्या सभा. अनेक मंडळ्यांचे, म्हणजे चर्चचे, वेळापत्रक असे गच्च भरलेले असते. एवढे करूनही वर्षअखेरीला पाळक (चर्चचे धर्मगुरू) आणि वडील (मंडळीचे ज्येष्ठ पुढारी) एकत्र बसले की तोच प्रश्न समोर येतो: माणसे बदलत का नाहीत? जुने रुसवे तसेच, प्रार्थनेला येणारी पाच-सहा माणसे तीच, आणि सेवा करणारे थकलेले. मग उपाय म्हणून आणखी एक कार्यक्रम सुरू होतो.

हा उपाय लागू का पडत नाही, हे कळायला आधी ‘फळ’ हा शब्द नीट समजून घ्यावा लागतो. मंडळीत तो सर्रास वापरला जातो, पण प्रत्येकाच्या मनातला अर्थ वेगळा असतो.

नव्या करारात, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागात, फळ या शब्दाखाली निदान पाच गोष्टी येतात. पश्चात्तापाला शोभेल असे वागणे (मत्तय 3:8). पवित्र आत्म्यामुळे घडणारा स्वभाव (गलतीकरांस 5:22-23). सत्कृत्ये (कलस्सैकरांस 1:10). विश्वासात येणारी माणसे; प्रेषित पौल रोमकरांस पत्राच्या 1:13 मध्ये याच अर्थाने फळाची अपेक्षा करतो. आणि ओठांचे फळ, म्हणजे देवाची स्तुती (इब्री लोकांस 13:15). पैशांच्या दानालाही पौलाने फळ म्हटले आहे. मंडळीची बैठक भरते तेव्हा मात्र या सगळ्यांतून एकच गोष्ट मोजली जाते, आणि ती म्हणजे हजेरी. हजेरीला बायबलमध्ये फळ म्हटलेले नाही. गर्दी येशूमागेही होती, आणि योहान 6 मध्ये त्यातले बरेच जण परत फिरले.

कृपादाने, म्हणजे पवित्र आत्म्याने दिलेल्या विशेष क्षमता, आणि फळ यांचीही गल्लत होते. करिंथच्या मंडळीत कोणत्याही कृपादानाची उणीव नव्हती, असे पौल पत्राच्या सुरुवातीलाच लिहितो. त्याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात तो त्यांना अजून दैहिक, म्हणजे देहस्वभावाने चालणारे, म्हणतो, कारण त्यांच्यात हेवा आणि कलह होता. उत्तम गाणारा, प्रभावी संदेश देणारा, आजाऱ्यांसाठी सामर्थ्याने प्रार्थना करणारा माणूस घरी रागीट असू शकतो. कृपादान एका दिवसात मिळू शकते, पण फळ धरायला हंगाम लागतो. म्हणून कोणाच्या हाती जबाबदारी द्यायची हे ठरवताना त्याच्या कृपादानाआधी त्याचे फळ पाहावे. हा क्रम चुकला की त्याची किंमत सगळी मंडळी पुढे कित्येक वर्षे मोजत राहते.

गलतीकरांस पत्रातल्या यादीत नऊ गुण आहेत: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. मूळ ग्रीकमध्ये ‘फळ’ हा शब्द एकवचनी आहे. एकच फळ आणि त्याच्या नऊ बाजू, त्यामुळे ‘माझ्याकडे आनंद आहे, सहनशीलता तुमच्याकडे’ अशी वाटणी होत नाही. त्याआधीची देहाच्या कर्मांची यादीही सावकाश वाचण्यासारखी आहे. तिच्यातल्या पंधरापैकी आठ गोष्टी परस्परसंबंध बिघडवणाऱ्या आहेत: वैर, कलह, मत्सर, राग, तट, फुटी, पक्षभेद, हेवा. जारकर्म आणि दारूबाजी यांविरुद्ध व्यासपीठावरून जेवढे बोलले जाते, त्याच्या निम्मेही तट आणि हेवा यांविषयी बोलले जात नाही. खरे तर पौल हे सगळे लिहितो आहे तेच एकमेकांना चावणाऱ्या, खाऊन टाकणाऱ्या मंडळीला. सहनशीलता एकट्याने खोलीत बसून वाढत नाही, तिला समोर एखादा त्रासदायक भाऊ लागतो. मंडळी ही या फळाची जमीन आहे, असे म्हणतात ते याच अर्थाने.

वेल काय शिकवतो

योहान 15 मधला दृष्टांत आपण इतक्या वेळा ऐकलेला असतो की त्यातले शेतीचे ज्ञान निसटून जाते. येशू वेल आहे, पिता माळी आहे आणि शिष्य फाटे आहेत. 4 ते 10 या सात वचनांत ‘राहणे’ या अर्थाचे ग्रीक क्रियापद दहा वेळा येते. फाट्याला करायला सांगितलेली मुख्य गोष्ट तीच. फळ ‘तयार करा’ असे कुठे म्हटलेले नाही. जोड टिकला की रस वाहतो आणि रस वाहिला की फळ धरते.

माळ्याच्या कामात दोन गोष्टी आहेत. फळ न देणारा फाटा तो काढून टाकतो आणि फळ देणाऱ्याला साफ करतो. म्हणजे कात्री दोघांनाही लागते. द्राक्षाची बाग ज्याने पाहिली आहे त्याला छाटणी किती निर्दय दिसते हे ठाऊक असते. अनेक पद्धतींत वर्षभराच्या वाढीतला 80 ते 90 टक्के भाग कापून टाकतात. घड जुन्या खोडावर लागत नाहीत. आदल्या हंगामात वाढून पक्व झालेल्या काडीच्या डोळ्यांतून जे फुटवे निघतात, त्यांच्यावर ते येतात. त्या डोळ्यात घड धरणार की नाही, हे बहुतांशी आदल्या हंगामातच ठरलेले असते. काडीला ऊन मिळाले का, पानांची दाटी झाली होती का, यावर ते अवलंबून असते. पाणी आणि नत्र जास्त झाले तर वेल हिरवागार, पालेदार दिसतो, पण घड कमी येतात आणि दाट पानांच्या सावलीत रोग पसरतो.

मंडळीच्या बाबतीत हे जवळजवळ शब्दशः लागू पडते. भरगच्च वेळापत्रक हा पाला आहे. तो पाहून समाधान वाटते, पण त्याच्या सावलीत प्रार्थना आणि मनन यांना ऊन मिळत नाही. आणि आज जे फळ दिसते आहे ते बहुधा आदल्या काळातल्या कोणाच्या तरी विश्वासू प्रार्थनेचे असते. म्हणून एखादी शिस्त सुरू करून तीन महिन्यांत ‘काही फरक दिसत नाही’ म्हणणे घाईचे आहे.

एकाग्रता म्हणजे गरजेकडे पाठ फिरवणे नव्हे

मार्क 1:35-38 मधला प्रसंग पाहा. आदल्या संध्याकाळी दारापाशी सगळे गाव जमले होते. येशू पहाटे उठून एकांतात प्रार्थनेला जातो. पेत्र शोधत येतो आणि सांगतो, सगळे तुम्हाला शोधत आहेत. येशू उत्तर देतो की आपण आसपासच्या गावांत जाऊ, कारण मी त्यासाठीच निघालो आहे. त्या गावातली गरज खरी होती, बोलावणेही आपुलकीचे होते. तरीही कुठे जायचे हे मागणीवरून ठरले नाही, ते प्रार्थनेत ठरले.

दुसरे उदाहरण प्रेषितांची कृत्ये 6 मधले आहे, आणि मंडळी चालवणाऱ्यांनी ते वर्षातून एकदा तरी एकत्र बसून वाचावे. पहिल्या मंडळीत रोजच्या अन्नवाटणीत हेल्लेणी, म्हणजे ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांच्या, विधवांची उपेक्षा होत होती. तक्रार रास्त होती. बारा प्रेषितांनी ती झटकली नाही आणि स्वतः वाढायलाही बसले नाहीत. त्यांनी सगळ्यांना बोलावले, सात जण निवडायला सांगितले, आणि ते कसे असावेत हेही सांगितले: चांगल्या नावाचे, आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण. स्वतःकडे त्यांनी प्रार्थना आणि वचनाची सेवा ठेवली. निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. जो गट दुखावला होता, बहुधा त्याच्यातल्याच माणसांकडे वाटणीचा कारभार सोपवला गेला. केवढा हा विश्वास! पुढच्याच वाक्यात वचनाचा प्रसार आणि शिष्यांची वाढ यांची नोंद आहे.

यातून कामाची रीत मिळते. गरज मान्य करा, तिच्यासाठी योग्य माणसे नेमा, अधिकार खरोखर त्यांच्या हाती द्या, आणि पाळकाचा प्रार्थनेचा व अभ्यासाचा वेळ वाचवा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे काम सोपवायचे पण निर्णय सोपवायचे नाहीत. मग प्रत्येक खुर्चीसाठी आणि प्रत्येक पावतीसाठी फोन पाळकालाच येत राहतो.

छाटणी प्रत्यक्षात कशी करायची

गेल्या 12 महिन्यांत मंडळीने जे जे केले ते एका मोठ्या कागदावर लिहून काढा: सभा, सराव, समित्या, सहली, सणांचे कार्यक्रम. प्रत्येकापुढे माणसे आणि तास मांडा. एखाद्या साप्ताहिक कार्यक्रमासाठी आठ जण प्रत्येकी तीन तास देत असतील, तर ते आठवड्याला 24 आणि वर्षाला 1248 तास होतात. हा आकडा कागदावर आला की चर्चा बदलते. मग प्रत्येक कामाबाबत विचारा: यातून लोक वचनाकडे, प्रार्थनेकडे, एकमेकांकडे किंवा बाहेरच्या गरजवंताकडे जातात का? आज हे चालू नसते तर आपण नव्याने सुरू केले असते का? ते करणारे आनंदाने करतात, की नाव वाईट होईल म्हणून?

तिसऱ्या प्रश्नाचे खरे उत्तर बैठकीत मिळत नाही. ते करणाऱ्यांना एकेकटे भेटून विचारावे लागते.

एका वेळी एक किंवा फार तर दोन कामे थांबवावीत, आणि तीही आधी तीन महिन्यांसाठी. ज्यांनी ते काम सुरू केले किंवा वर्षानुवर्षे वाहिले, त्यांच्या घरी जाऊन आधी बोलावे. त्यांना ही बातमी रविवारच्या घोषणांतून कळू नये. उपासनेत त्यांचे नाव घेऊन आभार मानावेत आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करावी. रिकामी झालेली संध्याकाळ रिकामीच ठेवावी. बहुतेक मंडळ्या इथेच घसरतात: शुक्रवार मोकळा झाला की महिन्याभरात त्यावर दुसरे काहीतरी येऊन बसते आणि पाला पुन्हा तेवढाच होतो.

आणखी एक धोका मोठा आहे. छाटणीच्या नावाखाली न आवडणाऱ्या माणसाची सेवा काढून घेतली जाते. कात्री माळ्याच्या, म्हणजे पित्याच्या हातात आहे, हे विसरल्यावर असे होते. थांबवण्याचा निर्णय निदान तीन-चार वडिलांचा एकमताने झालेला असावा, आणि त्यात नेतृत्वाच्या स्वतःच्या लाडक्या कामांपैकीही एखादे असावे. तसे नसेल तर लोकांना कळतेच.

जोड टिकवणाऱ्या सवयी

प्रेषितांची कृत्ये 2:42 मध्ये पहिल्या मंडळीच्या चार गोष्टी नोंदल्या आहेत: प्रेषितांचे शिक्षण, सहवास, भाकर मोडणे, प्रार्थना. यापलीकडे नवी युक्ती शोधायची गरज नाही.

वचनाच्या बाबतीत सगळ्या मंडळीने एकच पुस्तक एकत्र वाचावे. मार्कलिखित शुभवर्तमानात 16 अध्याय आहेत. आठवड्याला एक घेतला तर ते 16 आठवड्यांत होते. तोच अध्याय घरी वाचावा, त्यावरच गटात बोलावे आणि रविवारी संदेशही त्यावरच असावा. एरवी घरात एक, गटात दुसरे आणि उपदेशात तिसरेच चालते, त्यामुळे मनात काहीच मुरत नाही. वर्षात सगळे बायबल वाचण्याचा संकल्प चांगला असला तरी नव्या माणसासाठी जड आहे. एकूण 1189 अध्याय, म्हणजे रोज तीन ते चार. लेवीय या तिसऱ्या पुस्तकापर्यंत पोचता पोचता बरेच जण मागे पडतात, मग अपराधी वाटते, आणि वाचनच सुटते. त्यापेक्षा रोज दहा-बारा वचने, ठरलेली जागा, ठरलेली वेळ आणि 20 मिनिटे पुरतात. एकदा सावकाश वाचावे, दुसऱ्यांदा मोठ्याने. जे वाक्य मनात अडकेल त्यावर थांबावे. त्याचीच प्रार्थना करावी आणि काही क्षण गप्प बसावे. वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन ही चार पावले मठवासी परंपरेत 12 व्या शतकात लिहून ठेवली गेली. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवला तर यातली निम्मी लढाई तिथेच जिंकली जाते.

प्रार्थनासभा कुठे बिघडते हे घड्याळ लावून पाहावे. तासाभराच्या सभेत 25 मिनिटे गीते, 15 मिनिटे बोध, 12 मिनिटे विनंत्या सांगणे, आणि प्रार्थनेला उरतात आठ मिनिटे! यावर साधा उपाय आहे. विनंत्यांची यादी आधी करत बसू नये. एकाने विनंती सांगितली की लगेच दोघांनी तिच्यासाठी प्रार्थना करावी. प्रत्येकाने दोन मिनिटांत आटपावे, कारण लांबलचक प्रार्थना ऐकल्या की नवी माणसे तोंड उघडायला घाबरतात. एका वहीत विनंती, तारीख आणि उत्तर असे तीन रकाने ठेवावेत. सहा महिन्यांनी ती वही मोठ्याने वाचली की मंडळीचा विश्वास किती वाढतो हे पाहावे. निम्मा वेळ मंडळीबाहेरच्या लोकांसाठी राखावा: अधिकारी, शेजारी, आजारी, छळ सोसणारे. 1 तीमथ्य 2:1-2 मध्ये सर्व माणसांसाठी प्रार्थना करायला सांगितले आहे. आपल्याच दुखण्याखुपण्यांभोवती फिरणारी सभा हळूहळू आटते.

प्रभुभोजनाआधीच्या (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीआधीच्या) आठवड्यात आत्मपरीक्षणाची आठवण द्यावी, म्हणजे ज्याच्याशी बिनसले आहे त्याला भेटायला वेळ मिळतो. आयत्या वेळी मेजापाशी उभे राहून कोणाशी समेट करणार?

लहान गट

इंग्लंडमधले प्रचारक जॉन वेस्ली यांच्या मेथडिस्ट चळवळीत 1742 साली ब्रिस्टल इथे इमारतीचे कर्ज फेडायचे होते. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी आणि साधारण 12 जणांमागे एकाने ती घरोघर जाऊन गोळा करावी, असे ठरले. गोळा करणाऱ्यांना लोकांच्या घरातली खरी स्थिती दिसू लागली: कुठे भांडण, कुठे व्यसन, कुठे खचलेले मन. पैशांसाठी केलेली ती रचना मग आत्मिक काळजीची झाली आणि चळवळीचा कणा बनली. दर आठवड्याला प्रत्येक माणसाची कोणीतरी नाव घेऊन विचारपूस करत असे, हे तिचे बळ होते.

आजही हे प्रमाण ठीक बसते. गटात आठ ते बारा माणसे, वेळ दीड तास, आठवड्याने किंवा पंधरवड्याने भेट. पहिली 20 मिनिटे ख्यालीखुशालीची, 40 मिनिटे वचनावर बोलण्याची, उरलेला वेळ एकमेकांसाठी प्रार्थनेचा. गटप्रमुखाने संदेश देऊ नये, प्रश्न विचारावेत: या भागात देव कसा दिसतो? गेल्या वेळी जे करायचे ठरवले होते त्याचे काय झाले? इथे बोललेले इथेच राहील, हे पहिल्याच दिवशी ठरवावे. गुपित एकदा फुटले की तो गट पुन्हा मोकळेपणाने बोलत नाही, म्हणून या बाबतीत गटप्रमुखाने कठोर राहावे. सुरुवातीपासून एक सहायक तयार करत राहावे, म्हणजे संख्या 15 च्या पुढे गेली की दुसरा गट काढता येतो. सहायक नसेल तर गट फुगतो आणि चार जण बोलतात, बाकीचे ऐकतात.

फळ गळते कुठे

बहुतेक मंडळ्यांत फळ गळते ते न मिटवलेल्या भांडणांमुळे. मत्तय 18:15-17 मध्ये पायऱ्या स्पष्ट आहेत. आधी एकट्याने त्याच्याकडे जा. ऐकले नाही तर एक-दोघांना बरोबर घे. तरीही नाही, तर मंडळीला सांग. प्रत्यक्षात क्रम उलटा होतो: आधी चार घरी बोलणे होते, मग पाळकाकडे तक्रार जाते, आणि ज्याच्याविषयी सगळे चालले आहे त्याला शेवटी कळते. पाळकाने तक्रार ऐकण्याआधी एकच प्रश्न विचारायची सवय लावली की पुष्कळ आगी पेटतच नाहीत: ‘तुम्ही त्यांच्याशी बोललात का?’ मात्र हिंसाचार, लैंगिक अत्याचार किंवा मुलांच्या सुरक्षेचा प्रश्न असेल, तर पीडिताला एकट्याने त्या व्यक्तीकडे जायला कधीही सांगू नये. तिथे आधी संरक्षण द्यावे आणि कायद्याच्या यंत्रणेला कळवावे.

दुसरी गळती थकव्यातून होते. एकच माणूस गाणारा, शब्बाथ शाळा घेणारा आणि हिशेब ठेवणारा असतो. निर्गम 18 मध्ये मोशेचा सासरा इथ्रो त्याला सरळ सांगतो की असे केलेस तर तू आणि हे लोकही थकून जाल. मग हजार, शंभर, पन्नास आणि दहा जणांवर नायक नेमले जातात. प्रत्येकाला एकच मुख्य सेवा, वर्षातून एक महिना सुट्टी, आणि पाळकाला आठवड्यातून एक दिवस फोन बंद ठेवायची मुभा, एवढे नियम केले तरी मोठा फरक पडतो.

किती वाट पाहायची

मोजायचेच असेल तर हजेरीशेजारी आणखी रकाने ठेवावेत. वर्षभरात कोणते तुटलेले संबंध जुळले? किती नव्या माणसांनी एखादी जबाबदारी उचलली? आजारी आणि एकट्या माणसांपैकी किती जणांची भेट झाली नाही? यातले पहिले उत्तर जाहीर करू नये, ते वडिलांच्या प्रार्थनेसाठीच ठेवावे.

काळाविषयी शास्त्रात दोन गोष्टी आहेत, त्या एकत्र धराव्यात. लेवीय 19:23-25 मध्ये नव्या झाडाचे फळ पहिली तीन वर्षे खायचे नाही, चौथ्या वर्षीचे परमेश्वराला पवित्र, आणि पाचव्या वर्षी खायचे, असा नियम आहे. नव्या गटाकडून किंवा नव्या विश्वासणाऱ्याकडून पहिल्याच वर्षी साक्षी आणि आकडे मागणाऱ्यांनी हा नियम पुन्हा वाचावा. लूक 13 मध्ये मात्र मालक तीन वर्षे अंजिराकडे फळ शोधतो, त्याला मिळत नाही, आणि तो झाड तोडायला सांगतो. माळी आणखी एक वर्ष मागतो, पण हात बांधून बसण्यासाठी नाही. आळे खणीन आणि खत घालीन, असे तो म्हणतो.

मंडळीतल्या एखाद्या सुकलेल्या कामाला असे एक वर्ष द्यायचे असेल तर तारीख लिहून द्यावे. खणायचे म्हणजे काय हेही लिहावे: कोणाला भेटायचे, कोणता जुना वाद उकरून मिटवायचा, कोणाला शिकवायचे, रोज कोण प्रार्थना करणार. दर तीन महिन्यांनी वडिलांनी तो कागद पुढे घेऊन बसावे. वर्ष संपले की ते काम ठेवायचे की थांबवायचे हे त्याच बैठकीत ठरवावे आणि येत्या रविवारी मंडळीला सांगावे.